नऊ नंबरचा आकडा

मार्गासनीच्या पुढं रस्त्यावर पाणी चढलं होतं, म्हणून एस.टी. तिथंच थांबली. धरणाची जीप वाट बघत उभी होती. झुबेदा आतारनं आपली लाकडी पेटी ड्रायव्हरच्या हाती दिली नाही. ती मांडीवर घेतली, अंगावरचा रेनकोट काढून पेटीवर पांघरला आणि स्वतः भिजत बसली. ड्रायव्हर गेनबा आरशातून बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"बाई, पेटीला सर्दी व्हत न्हाई."

"होते, गेनबा. आणि तिला झाली की माझं सगळं काम वाया जातं."

चौऱ्याहत्तर सालचा जुलै होता. वेल्ह्याच्या डोंगरातला पाऊस कितीतरी दिवस उघडायचं नाव घेत नव्हता. सांदणदऱ्याचं नवं मातीचं धरण त्या वर्षी पहिल्यांदाच भरत होतं. झुबेदा भोरची. फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून पुण्याच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला लागलेली. मोजमापाची यंत्रं खरं बोलतात की नाही हे बघायचं, हे तिचं काम. सांदणदऱ्याला ती दर काही महिन्यांनी येत असे. या खेपेला नेमलेला दिवस चुकवता आला असता. ऑफिसात कुणी बोललंही असतं की पाऊस ओसरल्यावर जा. पण धरण पहिल्यांदा भरतानाच तर त्या यंत्राची खरी गरज होती.

धरणाच्या पोटात, माती भरतानाच, लोखंडी डबे पुरून ठेवले होते. मातीच्या आत मुरलेल्या पाण्याचा जोर जसा वाढेल तसा डब्यातून येणारा विजेचा दाब वाढायचा. प्रत्येक डब्याची तार भिंतीच्या टोकाशी बांधलेल्या दगडी खोलीत आणली होती. तिथं एक कपाटाएवढं यंत्र होतं. ते हा विजेचा दाब घ्यायचं आणि त्याचा आकडा करून काचेच्या नळ्यांत नारिंगी उजेडात दाखवायचं. पूर्वी एकेका डब्यासाठी सुई बघत बसावं लागे, आता बटण दाबलं की आकडा समोर. धरणावरची माणसं त्याला आकड्यांचं कपाट म्हणत.

खोलीत उपअभियंता बाजीराव कोंडे उभे होते. चाळिशीचे, शांत डोक्याचे, भिंतीवर दगडाचा थर चढत होता तेव्हापासून इथं राहिलेले. दाढी वाढलेली होती. झोप झाली नसावी.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "पण तुम्हाला फार काम ठेवलेलं नाही. सकाळीच मी कपाट तपासलं. तारा सोडवल्या, शून्य आलं. भरपूर विजेचा दाब दिला, शेवटचा आकडा आला. दोन्ही टोकं बरोबर आहेत. गेल्या आठवड्यात वरचं टोक सरकलं होतं, ते मी स्क्रू फिरवून जुळवलं. तुम्हीच शिकवलं होतं तसं."

"बरोबर केलंत."

"मग चहा घ्या आणि गेनबाबरोबर परत जा. दुपारनंतर मार्गासनीचा रस्ता बंद होईल असं म्हणतात. फोनच्या तारा पहाटेच पडल्यात. इथं अडकून पडाल."

झुबेदानं केसांतलं पाणी निथळलं आणि सवयीनं एकेक बटण दाबत गेली. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. तलाव भरतोय म्हटल्यावर आकडे वाढलेले असायचेच, तसे ते होते. नऊ नंबरवर ती थांबली. ५११.

"हा किती दिवस असा आहे?"

"नऊ नंबर? बरेच दिवस हललेला नाही," कोंडे म्हणाले. त्यांच्या आवाजात हायसं वाटल्याची खूण होती. "खरं सांगू का, मला धास्ती त्याचीच होती. तो डबा भिंतीच्या पायथ्याकडं आहे, जिथं खालची माती मला कधीच आवडली नव्हती. त्याची धोक्याची रेघ पाचशे चाळीस. चढत चढत पाचशे अकराला आला तेव्हा माझी झोप उडाली. पण तिथंच थांबला. तलाव वाढला, शेजारचे वाढले, हा नाही वाढला."

दारात सोनबा येऊन उभा राहिला होता. डोक्यावर पोत्याची खोळ, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. भिंतीच्या पायथ्याशी जी गळती बाहेर पडते ती मोजायचं काम त्याच्याकडं होतं. मूळचा पासलीचा, पण धरणाच्या खालच्या वाडीत सासुरवाडीला राहिलेला.

"गळती कालच्यापरीस कमीच हाय, साहेब," तो म्हणाला. "पानी सोच्छ हाय. गढूळ न्हाई."

"बघा," कोंडे झुबेदाला म्हणाले. "गळती कमी, दाब थांबलेला. भिंत बसायला लागलीय आता."

झुबेदा ऐकत होती, पण तिची नजर त्या नारिंगी आकड्यावरून हलत नव्हती. पाचशे अकरा. दुसरा कुठलाही आकडा असता, पाचशे चार, पाचशे वीस, तर तिनं कदाचित चहा घेतला असता.

तिचे अब्बा, उस्मानभाई, भोरच्या बाजारात तराजू आणि वजनं दुरुस्त करत. लहानपणी शाळा सुटली की ती दुकानात बसायची. तिथं तिनं पाहिलं होतं की वाण्याची वजनं एकेकटी तपासावी लागतात. सगळी एका पारड्यात घालून एकदम तोलली की एकाचं जडपण दुसऱ्याच्या हलकेपणात झाकलं जातं. पुढं कॉलेजात या यंत्राची आकृती पहिल्यांदा समोर आली तेव्हा तिला ती अब्बांच्या दुकानासारखीच वाटली होती. कारण कपाटाच्या आतही एक तराजूच होता. एका पारड्यात डब्याकडून आलेला विजेचा दाब. दुसऱ्या पारड्यात यंत्र आपली वजनं टाकून बघायचं, आधी सगळ्यांत मोठं पाचशे बाराचं, मग त्याच्या निम्मं, मग त्याच्या निम्मं, असं करत एकापर्यंत. वजन जास्त झालं की काढायचं, कमी पडलं की ठेवायचं. शेवटी जी वजनं पारड्यात राहिली त्यांची बेरीज म्हणजे आकडा.

आणि मोठं एक वजन सोडून बाकीची सगळी लहान वजनं पारड्यात ठेवली की बेरीज होते पाचशे अकरा.

म्हणजे यंत्राकडं घालायला आता एकच वजन उरलं होतं, सगळ्यांत मोठं, आणि ते घेत नव्हतं. माल खरोखरच तेवढा असेल तर प्रश्न नव्हता. पण मोठं वजन मुळात जड झालेलं असेल तर? मग यंत्र ते घालून बघणार, जास्त होतंय म्हणून काढणार, आणि लहान सगळी ठेवून पाचशे अकरावर गप्प बसणार. माल वाढत गेला तरी गप्पच बसणार.

"साहेब, हे कपाट थंडीत दुरुस्तीला गेलं होतं ना?"

"हो. विजेचे भाग बसवलेला एक पत्रा जळला होता आतला. पुण्याला एका कारागिराकडं पाठवला होता, तो बसवून आला."

"मला मधले आकडे तपासायचेत."

"दोन्ही टोकं बरोबर आहेत म्हणतोय मी."

"टोकं बरोबर असतील. मधलं बरोबर आहे असं त्यावरून म्हणता येत नाही."

बाहेर गेनबानं हॉर्न वाजवला. कोंड्यांनी घड्याळाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. ते चिडले असावेत, पण त्यांनी दारातून हात हलवून जीप थांबवायला सांगितलं.

झुबेदानं पेटी उघडली. आत तिची प्रमाणपेटी होती. या पेटीला मोजता काही येत नव्हतं. ती फक्त द्यायची. चकती ज्या आकड्यावर लावाल तेवढाच विजेचा दाब, ना कमी ना जास्त. यंत्राला माहीत असलेलं माप द्यायचं आणि ते काय सांगतं ते ताडून पाहायचं, कॅलिब्रेशन म्हणतात ते एवढंच. तिनं कोरड्या फडक्यानं तारांची टोकं पुसली. बोटं ओली होती म्हणून ती साडीच्या आतल्या घडीला पुसली. नऊ नंबरची तार सोडवून त्या जागी आपली तार जोडली.

चकती चारशेवर. कपाटानं त्याहून बराच चढा आकडा दाखवला.

"हे बघा," ती म्हणाली. "खाली ते चढं दाखवतंय."

"चढं दाखवतंय म्हणजे आपण सुरक्षित बाजूला आहोत."

"खालच्या आकड्यांपुरतेच."

ती चकती हळूहळू पुढं नेत गेली. नारिंगी आकडे एकेक करत वाढत होते. पाचशे नऊ, पाचशे दहा, पाचशे अकरा. तिची चकती तेव्हा चारशे सत्तरवर होती. तिनं आणखी फिरवली. पाचशे अकरा. आणखी फिरवली. पाचशे अकरा. कोंडे पुढं झुकले. चारशे नव्वद, पाचशे, पाचशे वीस. चकती कुरकुर करत पुढं जात होती आणि आकडा खिळा ठोकल्यासारखा जागच्या जागी होता. पाचशे चाळीसची रेघ तिनं ओलांडली तेव्हा खोलीत फक्त कौलांवरच्या पावसाचा आवाज होता. पाचशे साठच्या जरा अलीकडं, एकदम, कपाटानं पाचशे बारा दाखवलं.

कोंड्यांनी चकतीवरचा आकडा स्वतः वाकून वाचला. मग म्हणाले, "परत करा."

तिनं परत केलं. उलटं आणलं, पुन्हा सुलटं नेलं. तेच.

"मोठं वजन जड झालंय," ती म्हणाली. "यातलं एकेक वजन म्हणजे एकेक रेझिस्टर. दुरुस्तीत कुणीतरी त्या जागी साधा बाजारातला रेझिस्टर घातला असेल. त्यानं वरचं टोक सरकलं. तुम्ही स्क्रू फिरवून टोक जुळवलंत, तेव्हा सगळीच वजनं थोडी थोडी हलकी झाली. बेरीज जुळली. पण मोठं अजून जड आणि लहान हलकी. तुमची चूक नाही, साहेब. दोन टोकं बघायची असंच आमच्याकडून सांगितलेलं होतं."

"चूक कुणाची ते नंतर बघू. नऊ नंबर आता किती आहे?"

"चारशे सत्तर ते पाचशे साठच्या मध्ये कुठंही."

"चारशे सत्तर असेल तर मी निवांत जेवायला जाईन. पाचशे साठ असेल तर..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. "कुठंही म्हणून मला चालणार नाही, बाई."

तिलाही चालणार नव्हतं. सुटे रेझिस्टर तिच्याजवळ होते, पण पत्रा काढून, डाग देऊन, सगळं पुन्हा जुळवायचं म्हणजे संध्याकाळ झाली असती. तिनं डोळे मिटले. दुकानातल्या तराजूपुढं उभं राहून विचार केला तर काय करता येईल? जड वजन किती जड आहे हे आता कळलेलं आहे. ते वजन बदलता येत नाही. मग मालाच्या पारड्यात काहीतरी टाकायचं. माहीत असलेलं थोडं थोडं टाकत जायचं, आणि मोठं वजन कधी बसतं ते बघायचं. जितकं टाकावं लागलं तितकं पाचशे साठातून वजा केलं की माल किती ते कळेल.

तिनं नऊ नंबरची तार परत जोडली आणि आपली प्रमाणपेटी तिच्या मधोमध घातली, डब्याच्या दाबात भर घालील अशी.

"आता मी फिरवत जाईन," ती म्हणाली. "आकडा जितका उशिरा बदलेल तितकं चांगलं."

"आणि लगेच बदलला तर?"

ती चकतीवर वाकली. सोनबाही आत आला होता. त्याला तारांतलं काही कळत नव्हतं, पण साहेब श्वास रोखून उभे आहेत एवढं त्याला दिसत होतं. झुबेदाला वाटलं, आपण आयुष्यात पहिल्यांदाच यंत्र अडकून राहू दे अशी मनोमन मागणी करतोय. पन्नास, साठ, सत्तर घालावे लागू देत. या अल्ला, निदान तीस तरी.

तिनं बोटांच्या चिमटीत चकती धरली आणि जरा ढकलली. केसभर. आणखी केसभर.

५१२.

चुकून जास्त ढकलली गेली असेल. चकती शून्यावर आणली. आकडा पाचशे अकरावर उतरला. पुन्हा ढकलली. त्याच जागी पाचशे बारा.

"पाचशे चोपन्न," ती म्हणाली. "थोडंफार इकडं तिकडं. पण रेघेच्या वर आहे. चांगलंच वर आहे."

कोंडे खिडकीशी गेले. काचेपलीकडं तलाव राखाडी पसरला होता, त्यावर पाऊस टोचत होता. ते पाठमोरे असतानाच बोलले, "आणि गळती कमी झाली म्हणून मी खूश होतो. बाहेर कमी येतंय आणि आत जोर वाढतोय, म्हणजे पाणी निघायची वाट बुजत चाललीय. पायथ्याची वाळूची गाळणी." ते वळले. "तुमची खात्री आहे?"

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. तलावाचं पाणी उतरवायचं तर तळाचा दरवाजा उघडायचा. दरवाजा उघडला की सांदणी नदी दुथडी भरून खाली जाणार, आणि खालच्या वाडीची खाचरं नदीला लागूनच होती. त्यांत या आठवड्यात भाताची लावणी चालू होती. तिची खात्री चुकीची निघाली तर त्या माणसांचं वर्षाचं भात तिनं वाहून लावलेलं असणार.

"आकड्याची खात्री आहे," ती म्हणाली. "भिंतीचं काय होईल ते मला सांगता येणार नाही. ते तुमचं काम."

"तेवढं पुरे." त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली. "वरच्यांना विचारायला फोन नाही, ते एक बरंच झालं. सोनबा, आत्ता खाचरांत कोण आहे?"

"सगळ्या बायाच की, साहेब. आमची भामा बी हाय. म्हातारी गडी मानसं रोपांच्या मुठी वाहायला."

"भोंगा वाजवला तर?"

सोनबानं मान हलवली. "एकसष्टला धरान फुटलं तवाचं पानी पाहिलेली मानसं हायती ती. भोंगा वाजला तर पोरं शोधाया नदीच्या वाटंनंच पळतील. जाऊन सांगाया पायजे."

"मग तू जा. बाई, तुम्हीही जा. तो पडला वाडीचा जावई, एकटा सांगायला गेला तर थट्टा समजतील. मी दरवाज्यापाशी थांबतो. तुमची जीप वाडीच्या वरच्या मंदिराजवळ दिसली, दिवे लागलेले दिसले, की उघडायला सांगतो. त्याआधी नाही. पण फार वेळ लावू नका."

गेनबानं जीप उतारावरून अशी सोडली की झुबेदाला दोन्ही हातांनी दांडा धरावा लागला. पेटी या वेळी मांडीवर नव्हती. ती खोलीतच राहिली होती, उघडी.

खाचरांत पानांची इरली पाठीवर घेतलेल्या बाया वाकून ओळीनं रोपं लावत होत्या. कुणीतरी गाणं म्हणत होतं, ते जीप थांबल्यावर थांबलं. भामाबाई, सोनबाची बायको, सगळ्यांत पुढं होती. झुबेदाला ती ओळखत होती. मागच्या दोन खेपांना तिनंच झुबेदाला तांदळाची भाकरी आणि वाळलेल्या बोंबलांचं कालवण खायला घातलं होतं.

"निघा सगळ्या वर," सोनबा बांधावरून ओरडला. "साहेब पानी सोडाय लागलेत."

"आता?" एक म्हातारी कंबर सरळ करत म्हणाली. "मुठी उपटून टाकल्यात. सांजच्याला न्हाई लावल्या तर कुजतील. उद्या सोडा म्हनावं पानी."

दोघी-तिघी हसल्या आणि पुन्हा वाकल्या. झुबेदा चप्पल काढून खाचरात उतरली. चिखलात पाय पोटरीपर्यंत गेले. ती भामाबाईपाशी गेली.

"भामाबाई, थट्टा नाही ही."

भामाबाईनं हातातली मूठ खाली ठेवली नाही. "किती यील पानी?"

"नदीकाठची सगळी खाचरं जातील."

"आमचं?"

"तुमचंही."

"आन् न्हाई सोडलं तर?"

झुबेदाला खोटं बोलता आलं असतं. धरण फुटणार आहे म्हटलं असतं तर त्या एका क्षणात वर पळाल्या असत्या. पण तिच्या हातून आजवर माहीत नसलेली गोष्ट माहीत असल्यासारखी सांगितली गेली नव्हती, आणि या बाईला तर सांगवेना.

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "भिंत टिकेलही. पण आतल्या पाण्याचा जोर जिथं असू नये तिथं गेलाय. तो मी स्वतः मोजलाय. टिकली नाही, तर तेव्हा सांगायला कुणाला वेळ मिळणार नाही."

भामाबाई तिच्याकडं बघत राहिली. पावसाचं पाणी इरल्यावरून तिच्या कपाळावर येत होतं. मग तिनं मान वळवून भिंतीकडं पाहिलं. इथून ती हिरव्या डोंगराच्या पट्टीसारखी दिसत होती, कशालाही न हलणारी.

"चला गं," ती एकदम म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण ओळीच्या शेवटपर्यंत पोचला. "ज्याला जमल त्यानं दोन-दोन मुठी उचला. वर शाळंच्या पडवीत ठिवू. अक्काबाई, तुमचा हात द्या. आज म्या सांगती म्हनून चला."

त्या कुरकुरत, शिव्या देत, पण निघाल्या. रोपांच्या ओल्या मुठी डोक्यावर, काखेत, ओच्यात. झुबेदानंही दोन मुठी उचलल्या. चिखलातून एकेक पाय उपसायला इतका वेळ लागत होता की तिला वाटलं आपण जागच्या जागीच आहोत. सोनबा पलीकडच्या काठावरच्या दोघा म्हाताऱ्यांना आणायला कमरेएवढ्या पाण्यातून गेला आणि तो परत दिसेपर्यंत भामाबाई बांधावरून हलली नाही. सगळे मंदिरापाशी चढल्यावर गेनबानं जीपचे दिवे लावले.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग दऱ्यातून मोठी गाडी आल्यासारखा घरघराट ऐकू आला आणि नदी तपकिरी होऊन फुगली. पाणी आधी बांधाला लागलं, मग बांध दिसेनासा झाला. नुकत्या लावलेल्या रोपांचे शेंडे काही वेळ पाण्यावर हिरवे ठिपके होऊन राहिले, मग तेही गेले. कुणी रडलं नाही. म्हातारी अक्काबाई झुबेदाकडं बघून म्हणाली, "धरान तर हाय तिथंच हाय की."

झुबेदानं आपल्या हातातल्या मुठी तिच्या मुठींशेजारी ठेवल्या.

रस्ता खरोखरच बंद झाला, आणि ती धरणावरच अडकली. तिनं कपाट उघडलं, आतला पत्रा काढला. मोठ्या वजनाच्या जागी खरोखरच साधा, तपकिरी, बाजारातला रेझिस्टर होता, दमट हवेनं मुरलेला. तिनं आपल्याजवळचे जोडून जुळवून तिथं नवा बसवला आणि मग एकेक वजन वेगळं तपासत पुन्हा सगळं ताडून पाहिलं, खालून वर, वरून खाली. या वेळी आकडा कुठंही अडला नाही. नऊ नंबरचं बटण दाबलं तेव्हा नळ्यांत पाचशे एकोणपन्नास उजळलं. तलाव उतरायला लागला होता, त्यामुळं तोही उतरला असणार. पण किती सावकाश. ती आणि कोंडे आळीपाळीनं त्याच्यापुढं बसून राहिले. कधी एकानं खाली यायचा, कधी तिथंच थांबायचा. तो पाचशे चाळीसच्या खाली गेला तेव्हा कोंडे उठले, बाहेर पडवीत गेले आणि तोंडावर पाणी मारून बराच वेळ तिथंच उभे राहिले.

वाडीची माणसं दुसऱ्या दिवशी धरणावर आली होती. त्यांचा राग रास्त होता. यंत्र बिघडलं होतं हे त्यांना कळलं होतं, आणि बिघडलेल्या यंत्रासाठी आपली खाचरं गेली एवढाच त्याचा अर्थ त्यांनी लावला. झुबेदा समजावू लागली, पण नीट काय सांगणार? यंत्र खोटं बोलत होतं हे खरं, पण ते धोका नाही असं खोटं बोलत होतं, हे उभ्या पावसात रोपं गमावलेल्या माणसाला पटवणं सोपं नव्हतं. सोनबा मान खाली घालून उभा होता. पुण्याच्या ऑफिसातही तिला विचारलं गेलं की थोडं थांबून, नवा रेझिस्टर बसवून मग का सांगितलं नाही. कोंड्यांना तर त्याहून कडक शब्दांत विचारलं गेलं. त्यांनी एकच उत्तर दिलं, निर्णय माझा होता.

तो पावसाळा तलाव अर्धाच ठेवला. जानेवारीत पाणी खाली गेल्यावर पायथ्याशी खणायला सुरुवात झाली. कोंड्यांचा निरोप आला तेव्हा झुबेदा मुद्दाम गेली. खड्ड्याच्या कडेला कोंडे उकिडवे बसले होते. त्यांनी बोटानं दाखवलं. वाळूची गाळणी जिथं मोकळी, सुटी असायला हवी होती तिथं बारीक मातीचा गाळ भरून ती लादीसारखी घट्ट झाली होती. आणि तिच्या मागची माती अजून, इतक्या महिन्यांनीही, हातात घेतली तर भिजवलेल्या पिठासारखी सरकत होती.

"आणखी आठवडाभर भरू दिलं असतं तर..." कोंडे म्हणाले आणि हात झटकून उठले. थोड्या वेळानं त्यांनी वाडीतल्या माणसांना बोलावणं धाडलं, स्वतःच्या डोळ्यांनी बघून जा म्हणून. काही आले, काही आले नाहीत.

भामाबाई आली. ती खड्ड्यात उतरली, ती सरकती माती मुठीत घेऊन दाबली, बोटांमधून निसटू दिली. झुबेदा काठावर उभी होती. भामाबाई वर आली, पदराला हात पुसला.

"लई राग व्हता तुमचा," ती म्हणाली. "बाया मलाच बोलत्यात अजून. तूच चला म्हनलीस म्हनत्यात."

"मला माहीत आहे."

"शाळंच्या पडवीत ठिवलेल्या मुठी चार दिसांनी वरच्या खाचरात लावल्या. थोडं भात झालं. पोटापुरतं न्हाई, बियापुरतं झालं." तिनं पुन्हा खड्ड्याकडं पाहिलं. "त्या दिशी तुमी फुटनार म्हनला असता, तर म्या तवाच पळाली असती. आन् मग न्हाई फुटलं म्हनून आज तुमच्या तोंडाकडं बघितलं नसतं."

भामाबाईनं उत्तराची वाट पाहिली नाही. खाली गाळ बसलेल्या खाचरांत तिनं या वेळी वाल पेरले होते, त्यांना पाणी द्यायचं होतं. ती उताराच्या वाटेनं निघाली, आणि थोडं पुढं जाऊन मागं न वळताच म्हणाली, "जेवाया या. सोनबा आनील तुमाला."